बाटलीतल्या दुर्मीळ रोपांसाठी चार रंगांचा एलईडी रॅक: चौदा महिन्यांचा अनुभव

आमच्या कल्चर रूममध्ये, म्हणजे बाटल्यांतली रोपं ठेवायच्या खोलीत, कंदीलपुष्प या वेलीच्या एका दुर्मीळ जातीच्या साठ बाटल्या आहेत आणि त्या सगळ्या तीन वेलींच्या कांड्यांपासून आल्या आहेत. चौथी वेल आम्हाला अजून मिळालेली नाही. अशा रोपांच्या डोक्यावर कुठला दिवा लावायचा हे ठरवताना हात जड होतो. रॅक घेण्याआधी मी खूप शोधलं, पण दुर्मीळ झाडांचं उती-संवर्धन (झाडाच्या लहानशा तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवणं) करणाऱ्या कुणी आपला अनुभव सविस्तर लिहिलेला दिसला नाही. जे होतं ते लेट्यूस आणि स्ट्रॉबेरी वाढवणाऱ्यांचं. म्हणून मीच लिहिते आहे.

कंपनीचं नाव देत नाही, कारण याच बांधणीचे रॅक निरनिराळ्या नावांनी विकले जातात. पांढरा लोखंडी सांगाडा, चार कप्पे, प्रत्येक कप्प्याच्या वर ॲल्युमिनियमच्या पाच पट्ट्या आणि बाजूला एक छोटा कंट्रोलर. कंट्रोलरवर चार चॅनल: निळा 450 नॅनोमीटर (हे तरंगलांबीचं माप, त्यावरून प्रकाशाचा रंग ठरतो), तांबडा 660, फार-रेड 730 आणि पांढरा. फार-रेड म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्याला जेमतेम दिसणारा प्रकाश. प्रत्येक कप्प्याचे चारही चॅनल वेगवेगळे कमीजास्त करता येतात. हा रॅक घ्यावा असं मला ज्या कारणामुळे वाटलं ते हेच, आणि चौदा महिन्यांनंतरही माझं मत तेच आहे.

रंगाचा एवढा विचार कशाला, असं आमच्याकडे नव्याने आलेली मुलं विचारतात. मी त्यांना आधी माध्यमाची, म्हणजे रोप ज्या पोषक मिश्रणावर वाढतं त्याची, बाटली दाखवते. मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी 1962 मध्ये मांडलेलं माध्यम आपण अजून वापरतो आणि त्यात बहुतेक वेळा लिटरला 30 ग्रॅम साखर घालतो. बाटलीतलं रोप मुख्यतः त्या साखरेवर पोसलं जातं. बंद झाकणाखाली कार्बन डायऑक्साइडही तुटपुंजा असतो, त्यामुळे प्रकाशावर अन्न तयार करण्याचं काम तिथे जेमतेमच चालतं. मग प्रकाश काय करतो? तो रोपाला निरोप देतो. वर जा, थांब, पान पसर, फुटवा काढ, मूळ सोड. आणि हा निरोप रंगाच्या भाषेत असतो.

ही भाषा कळू लागली ती लेट्यूसच्या बियांमुळे. 1952 मध्ये अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या संशोधन केंद्रात बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओल्या बियांवर आळीपाळीने तांबडा आणि फार-रेड प्रकाश टाकला. तांबडा शेवटी आला तर बी रुजायचं, फार-रेड शेवटी आला तर बहुतेक बिया गप्प बसायच्या. आधी कितीही वेळा अदलाबदल केलेली असो, हिशेब शेवटच्या रंगाचा. पुढे त्यामागचं रंगद्रव्य सापडलं आणि त्याला फायटोक्रोम हे नाव मिळालं. निळ्यासाठी वेगळी ग्राहक प्रथिनं आहेत, क्रिप्टोक्रोम आणि फोटोट्रोपिन. म्हणजे कंट्रोलरवरचा एकेक चॅनल रोपाच्या वेगळ्या कानाशी बोलतो. ट्यूबलाइटमध्ये ही सोय नव्हती. एकदा नळी बसवली की जो रंग येईल तो सगळ्या जातींना सारखा.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे रॅककडे.

पहिला आठवडा मी एकही रोप त्यावर ठेवलं नाही. रिकाम्या बाटल्या मांडून फक्त मोजमाप केलं आणि सगळ्यांनी हेच करावं असं माझं कळकळीचं सांगणं आहे. कंट्रोलर टक्के दाखवतो. टक्के म्हणजे नेमका किती प्रकाश, हे पुस्तिकेत कुठेही नाही. 50 टक्के निळा आणि 50 टक्के तांबडा लावला म्हणजे दोन्ही समान झाले असं अजिबात नाही, दोन्ही चॅनलच्या दिव्यांची संख्याच वेगळी आहे. लक्समीटरनेही फसाल. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यावर बेतलेलं आहे आणि आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्याला सगळ्यात जास्त दाद देतो. निळ्या-तांबड्या दिव्याखाली लक्समीटर अगदी कमी आकडा दाखवतो, माणूस घाबरून दिवा वाढवतो आणि कोवळी पानं करपतात. 400 ते 700 नॅनोमीटरमधले फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मोजणारा क्वांटम सेन्सर हवा. आम्ही तो दुसऱ्या प्रयोगशाळेकडून आठ दिवसांसाठी मागून आणला. प्रत्येक कप्प्यावर मध्यभागी, चार कोपऱ्यांत आणि झाकण लावलेल्या बाटलीच्या आत असे आकडे घेतले आणि टक्क्यांचा तक्ता करून रॅकच्या बाजूला चिकटवला. तोच तक्ता आजही वापरात आहे. फार-रेड मात्र या सेन्सरच्या पट्ट्याबाहेर पडतो, तेवढं लक्षात ठेवा.

त्या मोजणीत दोन गोष्टी कळल्या. कप्प्याच्या कडेला मध्यापेक्षा प्रकाश बराच कमी असतो, तेव्हा दर आठवड्याला बाटल्यांच्या जागा बदलणं आलंच. आणि आमच्या पॉलिप्रॉपिलीनच्या धुरकट झाकणातून जाताना प्रकाश घटतो, काचेच्या अंगातून मात्र चांगला शिरतो. शेजारच्या कप्प्याचा रंग बाजूने काचेत येतो हेही तेव्हाच लक्षात आलं. रंग वेगळे ठेवायचे तर कप्प्यांमध्ये अपारदर्शक पडदे हवेत. ते रॅकबरोबर येत नाहीत आणि यायला हवे होते. आम्ही बाहेरून पांढरं, आतून काळं असं जाड कापड शिवून घेतलं.

कंट्रोलरमध्ये कंपनीने तीन तयार मिश्रणं भरून दिली आहेत: ‘वाढ’, ‘मुळं’ आणि ‘फुलोरा’. ‘वाढ’ म्हणजे भरपूर तांबडा, थोडा निळा, पांढरा शून्य. ही मिश्रणं पालेभाजीच्या शेतीसाठी बेतलेली आहेत हे उघड दिसतं. पालेभाजीवाल्याला पन्नास रोपं गेली तरी पुन्हा पेरता येतं. आमच्याकडे पुन्हा पेरायला बी नाही. तरीही आम्ही कंदीलपुष्पाच्या सहा बाटल्या, फक्त सहा, ‘वाढ’वर ठेवल्या आणि सहा जुन्या ट्यूबलाइटखाली.

तीन आठवड्यांत फरक डोळ्यांना दिसला. तांबड्याखालच्या वेली सरळ झाकणाला जाऊन टेकल्या. पेरी लांब, पानं लहान आणि फिकट. बघून माझ्या सहकाऱ्याला आनंद झाला, कारण कंदीलपुष्पाचं गुणन, म्हणजे एकाची अनेक रोपं करणं, आम्ही पेरांचे तुकडे करूनच करतो. प्रत्येक पेराला समोरासमोर दोन पानं, दोन बगलांत दोन डोळे. पेरी लांब असली की लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेल्या स्वच्छ हवेच्या झोतातल्या टेबलावर) चिमट्याने धरून कापायला सोपं जातं, डोळा दुखावत नाही. तुकडे खरंच छान मिळाले. पण त्याच वेली मुळं फुटायच्या माध्यमावर नेल्या आणि नंतर बाहेर काढल्या तेव्हा त्या उभ्याच राहीनात. देठ दोऱ्यासारखे, पानं दुपारपर्यंत मान टाकणारी. पहिल्या हार्डनिंगमध्ये, म्हणजे रोपांना बाटलीबाहेरच्या हवेची सवय लावताना, त्यातली एकही जगली नाही. ती रोपं ज्या झाडाची होती त्याच्या फक्त तीन वेली आपल्या हातात आहेत हे माहीत असताना त्या कुंड्या रिकाम्या करणं फार जड गेलं.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. गुणनाच्या काळात पांढरा आणि त्याला तांबड्याची जोड. तुकडे करून झाले की पुढच्या तीन आठवड्यांत तांबडा उतरवत न्यायचा आणि निळा वाढवायचा. निळ्याखाली पेरी आखूड होतात, पान रुंद आणि गडद होतं, देठाला अंग येतं. मग मुळं, मग बाहेर. आता बाहेर काढलेल्या रोपांतली बरीच टिकतात. हा आमच्या एका जातीचा अनुभव आहे, दुसऱ्या कंदीलपुष्पालाही तो जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण कप्प्यागणिक, आठवड्यागणिक रंग बदलता आला म्हणून हे जमलं. ट्यूबलाइटच्या काळात असा विचारही मनात आला नसता.

नेच्यांच्या बाबतीत तर रंगाची ताकद सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला मिळाली. नेच्याचा बीजाणू रुजतो तेव्हा आधी पेशींचा एक धागा निघतो आणि मग त्या धाग्याच्या टोकाशी हृदयाच्या आकाराचं सपाट पान तयार होतं, त्यालाच प्रोथॅलस म्हणतात. अंडपेशी आणि शुक्रपेशी त्याच्यावर तयार होतात आणि खरा नेचा तिथून पुढे जन्माला येतो. नुसता तांबडा प्रकाश दिला तर धागा लांबत राहतो, सपाट व्हायचं नावच घेत नाही. निळा मिळाला की पेशी आडव्या विभागू लागतात. हे शास्त्रज्ञांना अनेक दशकांपासून ठाऊक आहे आणि मीही वाचलं होतं. पण दुसऱ्या कप्प्यावर एका दुर्मीळ नेच्याचे हिरवे धागे महिनाभर केसांसारखे वाढलेले बघितले, निळा चॅनल चालू केला आणि काही दिवसांनी त्याच धाग्यांच्या टोकांना इवलीशी पाती दिसली, तेव्हा मी सगळ्यांना हाक मारून सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. या एका गोष्टीसाठी मी रॅकला पूर्ण गुण देते.

ऑर्किडवाल्यांसाठी वेगळं सांगते. स्लिपर ऑर्किडसारखी जमिनीवर वाढणारी कित्येक ऑर्किडं अंधारात रुजतात. त्यांच्या धुळीसारख्या बियांत साठवलेलं अन्न जवळपास नसतंच, निसर्गात त्यांना बुरशी पोसते. बुरशीशिवाय, साखरेच्या माध्यमावर ऑर्किडचं बी रुजवता येतं हे नड्सन या शास्त्रज्ञाने 1922 मध्ये दाखवलं, आणि आपलं सगळं काम त्याच वाटेने पुढे आलं आहे. ब्रिटनमध्ये लेडीज स्लिपर ऑर्किड नामशेष झालं असं मानलं जात होतं. 1930 मध्ये यॉर्कशरमध्ये त्याचं एक रोप सापडलं, आणि पुढे लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या प्रयोगशाळेत बियांपासून रोपं वाढवून ती पुन्हा बाहेर लावली गेली. एवढ्या मोलाच्या बिया ज्यांच्या हातात आहेत त्यांनी रंगीत दिव्यांच्या जाहिरातीला भुलून त्या पेरल्या पेरल्या उजेडात ठेवू नयेत. आमचा तळाचा कप्पा काळ्या कापडात गुंडाळलेला आहे, त्याचे चारही चॅनल शून्यावर आहेत. हिरवे कोंब दिसले की हळूहळू मंद पांढरा.

पांढऱ्या चॅनलचं महत्त्व घेण्याआधी मला नीट कळलं नव्हतं. फक्त निळ्या-तांबड्या पट्ट्या असलेला रॅक जास्त सहज मिळत होता आणि आम्ही तोच घेणार होतो. बरं झालं घेतला नाही. जांभळ्या उजेडात बाटली बघितली की सगळी पानं काळपट दिसतात. लोह कमी पडून पिवळं पडलेलं पान, काचेसारखं पाणीदार झालेलं रोप, माध्यमावर नुकताच उमटलेला जिवाणूंचा दुधी डाग, यातलं काहीही ओळखू येत नाही. दुर्मीळ जातीच्या बाटलीत दूषण दोन दिवस उशिरा कळलं तर कांडी वाचवायची वेळ निघून जाते. शिवाय त्या उजेडात तासभर काम केलं की डोळे दुखतात आणि बाहेर आल्यावर भिंती हिरवट दिसतात. या रॅकवर ‘तपासणी’ असं एक बटण आहे. दाबलं की पंधरा मिनिटं सगळे कप्पे पांढरे होतात आणि मग आपापल्या रंगावर परत जातात. ज्याने हे बटण सुचवलं त्याने कधीतरी स्वतः बाटल्या तपासल्या असणार. एक काळजी घ्या: काळोखात ठेवलेल्या बाटल्यांचा कप्पा या बटणातून वगळायची सोय नाही. म्हणून आमचं काळं कापड कायम लावलेलं असतं.

निळ्याबद्दल एक इशारा, कारण यात आमची एक अख्खी तुकडी पिवळी पडली आणि कारण कळायला दोन महिने गेले. माध्यमात लोह ईडीटीएला (लोह विरघळलेलं ठेवणाऱ्या रसायनाला) बांधलेल्या रूपात असतं आणि ते निळ्या प्रकाशात हळूहळू विघटित होतं. आम्ही ताजं ओतलेलं माध्यम जागा नाही म्हणून जास्त निळ्या कप्प्याच्या कोपऱ्यात ठेवत होतो. तीन-चार आठवडे पडून राहिलेल्या त्या बाटल्यांत गेलेली रोपं फिकट व्हायची, ताज्या बाटल्यांतली नाही. दोष आम्ही आधी पाण्याला दिला, मग आम्लतेला. माध्यम अंधारात ठेवायला लागल्यापासून ती तक्रार गेली. यात रॅकचा काही दोष नाही, पण पुस्तिकेत एक ओळ असती तर बरं झालं असतं.

फार-रेड आम्ही फारसा वापरत नाही. झाडांच्या सावलीत पानं तांबडा गिळून टाकतात आणि फार-रेड खाली पडू देतात, त्यामुळे रोपाला तो जास्त मिळाला की आपण दुसऱ्याच्या सावलीत आहोत असं वाटून ते लांबायला लागतं. घटपर्णीच्या खुरटून बसलेल्या रोपांना दिवस संपताना थोडा वेळ देऊन बघितला. देठ किंचित सुटले, पण निष्कर्ष काढावा इतकी रोपं आमच्याकडे नाहीत. घटपर्णीच्या कोवळ्या पानांवर लाली मात्र निळा वाढवल्यावर स्पष्ट आली.

आता तक्रारी. ड्रायव्हर, म्हणजे वीज नियंत्रित करणारा डबा, प्रत्येक कप्प्याच्या तळाला चिकटवलेला आहे. त्याच्या बरोबर वर ठेवलेल्या बाटल्यांची बुडं गरम होतात, माध्यमातली वाफ वर जाऊन झाकणाला थेंब धरते आणि रोपं पाणीदार होतात. ट्यूबलाइटच्या चोकमुळे हेच व्हायचं आणि एलईडीत ते संपेल या आशेनेच आम्ही खर्च केला होता. इलेक्ट्रिशियनकडून ड्रायव्हर सांगाड्याच्या बाहेर काढून घेतले, तेव्हा हा त्रास थांबला. बनवणाऱ्याने ते मुळातच बाहेर बसवायला हवेत.

दुसरी तक्रार गंभीर आहे. वीज गेली आणि परत आली की कंट्रोलर आपण ठरवलेलं मिश्रण विसरतो आणि ‘वाढ’वर जातो, तेही दिवसरात्र चालू. सोळा तास उजेड, आठ तास अंधार हे आमचं वेळापत्रकही पुसलं जातं. एका लांब सुटीनंतर दार उघडलं तर चारही कप्पे भडक गुलाबी होते. किती दिवस तसे होते कुणालाच माहीत नाही. कंदीलपुष्पाच्या निळ्याच्या टप्प्यातल्या अकरा बाटल्या पुन्हा दोऱ्यासारख्या लांबल्या होत्या. काळ्या कापडामुळे ऑर्किडं वाचली. कंपनीला लिहिलं, त्यांनी पाच आठवड्यांनी नवा कंट्रोलर पाठवला, तो आणखी चटपटीत पण तितकाच विसराळू निघाला. फोनवरच्या माणसाने विचारलं की मिश्रण पुन्हा भरायला दोन मिनिटं तर लागतात, अडचण काय? मी त्याला अकरा बाटल्यांमागच्या तीन वेलींबद्दल सांगितलं. तो शांतपणे ऐकत राहिला आणि वरच्यांना कळवतो म्हणाला. अजून काही कळलेलं नाही.

आमचा उपाय असा: रॅकच्या आधी साधा यांत्रिक टायमर लावला, कंट्रोलरला बॅटरीचा आधार दिला आणि कप्प्यांचे आकडे कागदावर लिहून दाराशी लावले. सकाळी जो पहिला येईल त्याने ते ताडून सही करायची. हे सगळं खरेदीदाराला करावं लागू नये.

तुमच्याकडे एकाच जातीच्या हजारो बाटल्या असतील तर एवढा खटाटोप नको, चांगले पांढरे एलईडी पुरतील. आठ-दहा जाती, प्रत्येकीच्या मोजक्या बाटल्या आणि प्रत्येकीचा वेगळा स्वभाव असेल तर हा रॅक घ्या, पण पांढऱ्या चॅनलशिवायचा घेऊ नका आणि विकणाऱ्यासमोर एकदा प्लग काढून परत लावून बघा. तयार मिश्रणांना हात लावू नका. कुठलाही नवा रंग आधी थोड्या बाटल्यांवर, आणि त्या जातीच्या निम्म्या तरी बाटल्या नेहमीच्या पांढऱ्या उजेडात मागे राखून. आमचा सगळ्यात वरचा कप्पा त्यासाठीच आहे. तिथे प्रत्येक जातीच्या चार बाटल्या असतात, त्यांच्यावर कुणीही प्रयोग करायचा नाही असं ठरलेलं आहे. सुटीनंतरच्या त्या सकाळी गुलाबी उजेड बंद करून मी पहिल्यांदा तोच कप्पा तपासला. थोड्या लांबल्या होत्या, पण कंदीलपुष्पाच्या चारही बाटल्या हिरव्या होत्या.